तीनशे सतरा कोण?

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. माझा नंबर कोणता, मालक कोण आणि मी चालू आहे की नष्ट झालेला, याबद्दल मात्र कागदांमध्ये एकमत नाही. मलाही ते नीटसे उमगलेले नाही. म्हणून जे घडले ते तसेच सांगतो. काय ते तुम्हीच ठरवा.

१९७९ साली दोनेत्स्क शहरातल्या कारखान्यात मी तयार झालो. पांढरा रंग, गोलसर खांदे आणि मोटारीच्या दारासारखी खटकन लागणारी कडी. मालगाडीने मला खार्किवला आणले आणि चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात उभे केले. युद्धामुळे माझ्या जन्मगावाला आता इथून कोणी जाऊ शकत नाही. पाठीवरच्या पत्र्यावर त्याचे नाव मात्र अजून आहे.

त्या घरात झिनाइदा नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. माझे दार उघडे टाकून आत बघत उभे राहायची तिला सवय. तिची आई ओरडायची, "झिना, दार लाव! अख्खा रस्ता गार करणार आहेस का?" ती दार लावायची आणि लगेच पुन्हा किलकिले करायची. दार लागल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे तिला हवे होते. शेवटी चौकटीतले छोटे बटण तिला सापडले. बोटाने दाबले की दिवा विझतो. "विझतो, आई," ती म्हणाली. "मी तपासलं."

ती मुलगी मोठी होऊन विद्यापीठात मातीतल्या बुरश्यांचा अभ्यास करू लागली. आमच्याकडची माती काळीभोर. तिच्यात काही बुरश्या अशा असतात की त्या गव्हाच्या मुळांना सडण्यापासून राखतात. झिनाइदा मार्किवना, तिला आता सगळे वडिलांच्या नावासकट अशीच हाक मारत, शेताशेतांतून माती आणायची, तिच्यातली बुरशी वेगळी करायची आणि काचेच्या नळीत वाढवायची. प्रत्येक नळीवर चिठ्ठी: कुठले शेत, कोणता दिवस, किती खोल. या नळ्या कायम गार ठेवाव्या लागतात. ऊब मिळाली की बुरशी हावरटासारखी वाढते, नळीतले सगळे खाऊन टाकते आणि मरते.

नळ्यांसाठी विभागात एक सरकारी फ्रिज होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा म्हणून मी त्याला थोरला म्हणतो. १९९७ च्या हिवाळ्यात तो बंद पडला. तेव्हा विद्यापीठात पगारच चार-चार महिने होत नव्हते. नवा फ्रिज कोण देणार? झिनाइदा मार्किवनाने दोन दिवस नळ्या खिडकीच्या कठड्यावर बर्फात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढले. विभागाचे भांडारपाल साव्होविच तेव्हा तरुण आणि धट्टेकट्टे होते. त्यांनी मला लहान मुलांच्या घसरगाडीवर आडवा बांधला आणि दोघांनी बर्फातून विद्यापीठापर्यंत ओढत नेले. पुढची सात वर्षे तिच्या घरचे लोणी आणि मांस हिवाळ्यात जाळीच्या पिशवीतून खिडकीबाहेर लटकत राहिले. उन्हाळ्यात ते लोक काय करत होते, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो.

आता गोंधळाची सुरुवात ऐका.

एके दिवशी आगीच्या तपासणीला एक माणूस आला. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जडवस्तू नोंदवहीतला नंबर रंगवलेला हवा, असा नियम. माझ्यावर नंबर नव्हता, कारण मी विद्यापीठाचा नव्हतोच. "बिननंबरी फ्रिज उद्यापर्यंत हलवा," तो म्हणाला. तो जाताच साव्होविच लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि त्यांनी माझ्या कुशीवर थोरल्याचा नंबर रंगवला: तीनशे सतरा.

"अहो, पण तो त्याचा नंबर आहे," झिनाइदा मार्किवना म्हणाली.

"तो आता कुठे वापरतोय? मेलेल्याची टोपी जिवंताने घातली, मार्किवना, तर पाप नाही लागत. त्याला रीतसर बाद केला की नंबर मोकळाच होतो."

पण थोरल्याला बाद करता आले नाही. त्याच्या जन्मपत्रिकेत, म्हणजे कारखान्याच्या कागदात, लिहिले होते की त्याच्या एका सुट्या भागात चांदी आहे, एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाइतकी. वस्तू बाद करायची तर तीन जणांच्या समितीने समोर बसून ती चांदी काढून सरकारजमा करायची, असा जुना नियम. तिघे कधी एकत्र जमलेच नाहीत. एक आजारी, एक रजेवर, एक निवृत्त. थोरला खोलीबाहेरच्या बोळात उभा राहिला आणि लोक त्याच्यात रिकाम्या बरण्या ठेवू लागले. पंचवीस वर्षे नोंदवहीत लिहिलेले राहिले: "तीनशे सतरा, फ्रिज, बुरश्यांच्या साठ्यासाठी." नंबर त्याचा, काम माझे. मला त्यात काही वावगे वाटले नाही. तेव्हा तरी नाही.

ती माझी चांगली वर्षे होती. माझ्या पोटात तीनशे बारा नळ्या जमल्या. दाराच्या खणात साव्होविच चोरून आपल्या जेवणातला खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा ठेवायचे, आणि झिनाइदा मार्किवना रोज न चुकता तो काढून त्यांच्या टेबलावर नेऊन आपटायची. परगावचे पाहुणे आले की ती माझ्यावर थाप मारून म्हणायची, "हा आमचा सगळ्यांत विश्वासू सहकारी. रजा मागत नाही, प्रबंध लिहीत नाही."

मग युद्ध आले. २०२२ च्या मार्चमध्ये शेजारच्या इमारतीवर स्फोट झाला आणि बोळाची भिंत थोरल्यावर कोसळली. मी आतल्या खोलीत होतो. माझी फक्त कडी वाकली. खिडक्यांना काचेऐवजी लाकडी फळ्या आल्या. विद्यार्थी घरोघरी पांगले. झिनाइदा मार्किवना मात्र रोज चालत येत राहिली. ज्या शेतांतून तिने माती आणली होती त्यातल्या पुष्कळ शेतांत आता सुरुंग पेरलेले आहेत. तिथे पुन्हा जाता येणार नाही. त्या शेतांची बुरशी उरली होती ती फक्त माझ्या पोटात.

आणि मी थकलो होतो. दाराचे रबर कडक झालेले, यंत्र धापा टाकणारे. वीज दिवसात चार-चार तास जायची. पुढच्या उन्हाळ्यात मी टिकेन असे कोणालाच वाटत नव्हते. मलाही नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात युस्तिना विभागात रुजू झाली. ती तिशीतली प्राध्यापिका. तिचे आधीचे विद्यापीठ युद्धामुळे आपले गाव सोडून आलेले, विभागाचे काम ती घरूनच करायची. तिला परदेशी संस्थांच्या अनुदानांची माहिती होती. युद्धात प्रयोगशाळेचे जे नष्ट झाले त्याच्या जागी नवे देणारी एक संस्था तिने शोधली. बॅटरीवर दोन दिवस गार राहणारा फ्रिज मागायचा असे ठरले. मित्रांनो, अनुदान म्हणजे काय ते मला आजही पुरते कळलेले नाही. मला आतले आणि बाहेरचे तापमान कळते. अनुदान आत आहे की बाहेर, तेच समजत नाही. त्याचे नाव निघाले की माणसांचे आवाज मात्र वर चढतात, हे मी पाहिले.

अर्जाला नष्ट वस्तूंची यादी हवी होती. युस्तिनाने नोंदवही उघडली. एकदा येऊन बोळात चुरा झालेल्या फ्रिजचे फोटो काढले. साव्होविचना विचारले, "हा कितवा?" त्यांनी सांगितले, "तीनशे सतरा." ते खरेच होते. तिने लिहिले: "तीनशे सतरा, बुरश्यांच्या साठ्याचा फ्रिज, स्फोटात नष्ट." विभागप्रमुखांनी सही केली, गोल शिक्का बसला. अर्ज इंग्रजीत होता. झिनाइदा मार्किवनाने आपल्या बुरश्यांविषयीची पाने तपासली, यादीचे पान नाही.

मंजुरी आली. फक्त एकच राहिले होते: संस्थेची मारित नावाची बाई व्हिडिओवरून नष्ट फ्रिज आणि नव्याची जागा पाहणार होती. आदल्या दिवशी जागा मोजायला युस्तिना पहिल्यांदाच आतल्या खोलीत आली. आणि तिची नजर माझ्या कुशीवर गेली.

"झिनाइदा मार्किवना, हे काय आहे?"

"नंबर."

"तो दिसतोय मला. तीनशे सतरा कसा? तीनशे सतरा तर बाहेर चुरा होऊन पडलाय. मी फोटो पाठवलेत त्याचे!"

"तोही तीनशे सतरा."

"आणि हा?"

"हाही."

युस्तिना तिवईवर बसली. "मला जरा पाणी द्या कोणीतरी. या नळ्या इथे कशा? मला वाटलं, भिंत पडल्यावर तुम्ही बाहेरच्यातून उचलून या घरगुती फ्रिजमध्ये ठेवल्यात."

"सव्वीस वर्षं इथेच आहेत त्या."

"मग मी काय लिहून बसलेय!"

साव्होविच दारात उभे होते. आता त्यांचे उरलेले केस पिकलेले, पाठ वाकलेली. "त्यात काय एवढं? पांढऱ्या रंगाचा एक हात मारतो. दहा मिनिटांत वाळेल. आमच्या लग्नात सासूबाईंपासून माझं टक्कल लपवायला याहून जास्त वेळ लागला होता."

"मारा," युस्तिना म्हणाली. "आत्ता मारा."

"थांबा," झिनाइदा मार्किवना म्हणाली.

"कशाला थांबायचं? फ्रिज मिळणारच आहे! खोटं बोलून कुणाचं काय घेतोय आपण? भिंत खरंच पडली. फ्रिज खरंच चेपला."

"तो पंचवीस वर्षं बंद होता, पोरी. त्यात बरण्या होत्या."

"हे त्यांना कोण सांगणार?"

"मी."

युस्तिनाचा आवाज चढला. "जुलै येतोय. तुमचा हा म्हातारा जुलै काढणार आहे का? नळ्या गेल्या तर त्या शेतांत जाऊन माती आणणार आहात का तुम्ही?"

झिनाइदा मार्किवना माझ्याजवळ आली. तिने माझे दार उघडले. दिवा लागला. "यातल्या प्रत्येक नळीवर मी चिठ्ठी लावलीय," ती म्हणाली. "शेत, दिवस, खोली. उद्या कोणी विचारलं, यातली एक चिठ्ठी सोयीसाठी बदलली होती का, तर मला नाही म्हणता आलं पाहिजे. एक बदलली की तीनशे बाराही मातीच."

"चिठ्ठी नाही हो ही. फ्रिजचा नंबर आहे!"

"तेच सांगतेय मी."

मित्रांनो, दोघींचेही मला पटत होते. हीच तर पंचाईत. नळ्या जगायच्या तर मी मेलेला असायला हवा होता. मी विचार केला, आपण थांबूनच जावे का? यंत्र बंद झाले की सगळे कागद खरे होतील, कोणालाच खोटे बोलावे लागणार नाही. पण मी थांबलो तर पोटातल्या नळ्यांचे काय? चालू राहावे तर नवा फ्रिज जातो, थांबावे तर नळ्या जातात. मी आपला घुरघुरत राहिलो. मला तेवढेच येते.

दुसऱ्या दिवशी मारित पडद्यावर आली. चष्मा लावलेली, शांत बाई. युस्तिना तिचे इंग्रजी बोलणे आपल्या भाषेत सांगत होती. आधी थोरल्याचा चुरा दाखवला. मग झिनाइदा मार्किवनाने फोन स्वतःच्या हातात घेतला, आत आली आणि सरळ माझ्या लाल नंबरासमोर धरला. चांदीपासून घसरगाडीपर्यंत तिने सगळे सांगितले.

"ती विचारतेय," युस्तिना पडलेल्या आवाजात म्हणाली, "मग यातला तीनशे सतरा नेमका कोण?"

"वहीप्रमाणे तो. कामाप्रमाणे हा."

"ती म्हणतेय, तिला कळलं नाही."

"तिला म्हणावं, आम्हालाही नाही."

"ती विचारतेय, हा फ्रिज कोणाच्या मालकीचा?"

"माझ्या आईचा."

पडद्यावरची बाई लिहायची थांबली. मग पुन्हा लिहू लागली.

तीन आठवड्यांनी पत्र आले. भाषा फार नम्र होती. साठ्याचा फ्रिज नष्ट झालेला नसल्याने त्याच्या जागी नवा देता येत नाही. धोक्यात असलेले साठे वाचवण्यासाठी वेगळी योजना आहे, तिचे अर्ज शरद ऋतूत. त्यासाठी नोंदी आधी दुरुस्त कराव्यात. एवढेच. युस्तिनाने पत्र वाचले, घडी घातली आणि निघून गेली.

जुलैत वीज रोज जाऊ लागली. खोलीत फळ्यांमुळे वारा नाही. तेव्हा झिनाइदा मार्किवनाने एक युक्ती काढली. तिच्या घरची वीज जायची वेळ विद्यापीठापेक्षा वेगळी होती. ती घरी बाटल्यांत पाणी गोठवायची आणि रोज सकाळी आठ बाटल्या गोधडीत गुंडाळून ट्रॉलीबसने आणायची. मी आतून तिच्याच स्वयंपाकघराच्या थंडीवर जगत होतो. पाचव्या दिवशी दारात युस्तिना उभी होती. तिच्या पाठीवरच्या पिशवीतून पाणी ठिबकत होते.

"माझ्या पिशवीत सहाच बाटल्या मावल्या," ती म्हणाली. "मी अजून रागावलेलीच आहे."

"खालच्या खणात ठेव," झिनाइदा मार्किवना म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती प्रसिद्ध समिती अखेर जमली. तिघेही जण! साव्होविचनी पक्कड घालून थोरल्याच्या चेपलेल्या पोटातून नखाएवढा एक तुकडा काढला. तो पाकिटात घालून लाखेने बंद केला, तिघांनी सह्या केल्या आणि थोरला सव्वीस वर्षांनी अधिकृतपणे मेला. मग साव्होविच माझ्याकडे आले आणि त्यांनी पात्याने माझा नंबर खरवडला. तो आता कोणाचाच नव्हता. थोरल्याला निदान शेवट तरी मिळाला. मी काय झालो, ते कोणी लिहिले नाही.

नवा अर्ज युस्तिनाने माझ्यासमोर तिवईवर बसून लिहिला. "सध्याची स्थिती" या रकान्यापाशी ती थांबली. उठली, माझ्या कुशीला हात लावून उभी राहिली, मग लिहिले: "खासगी फ्रिज, वय चव्वेचाळीस. चालू. फार काळ चालणार नाही."

नवा फ्रिज फेब्रुवारीत आला. उंच, करडा, आवाजच नाही त्याला. झिनाइदा मार्किवनाने एकेक नळी उजेडात धरून पाहिली आणि त्याच्या पोटात ठेवली. तीनशे नऊ. तीन तिने टेबलावर बाजूला ठेवल्या. उन्हाळ्यात माझ्या वरच्या खणात ऊब शिरली होती, तिथल्या होत्या त्या. त्यातली एक ज्या शेतातली होती त्या शेतात आता कोणी पाय ठेवत नाही.

"तुमच्या एका नंबरापायी तीन गेल्या," युस्तिना हळूच म्हणाली.

"हो," झिनाइदा मार्किवना म्हणाली. तिने वही उघडली आणि तिन्ही नावांपुढे लिहिले: "मृत. कारण: माझा निर्णय, जून." खाली सही केली. "कोणी विचारलं तर सापडायला हवं."

तिचे बरोबर होते की युस्तिनाचे, हे मी त्या दिवसापासून शोधतो आहे. माझ्याच वरच्या खणात त्या नळ्या होत्या, म्हणून मला तर बोलायची सोयही नाही.

आता मी रिकामा आहे. नंबर नसल्याने नियमाने मला वीज देता येत नाही. विद्यापीठाचा नसल्याने विद्यापीठाला मला भंगारात टाकता येत नाही. साव्होविच माझी वायर काढायला वाकले तेव्हा झिनाइदा मार्किवना म्हणाली, "राहू द्या."

"कशासाठी, मार्किवना? वहीत नाही, यादीत नाही. हा आहे तरी कोण?"

तिने त्यांच्या हातातला चरबीचा पुडा घेतला. माझे दार उघडले, पुडा दाराच्या खणात ठेवला आणि दार लावले. मग पुन्हा किलकिले करून पाहिले. दिवा लागला होता.

"चालू आहे," ती म्हणाली. "मी तपासलं."

मित्रांनो, मी कोण हे मला अजून सांगता येत नाही. तुमच्याकडेही घरात, शाळेच्या कोपऱ्यात अशा जुन्या वस्तू असतील, कदाचित जुनी माणसेही. एखाद्या यादीत त्यांच्या नावापुढे "नष्ट" किंवा "निरुपयोगी" असे लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर माझी एवढीच विनंती आहे. पेन उघडण्याआधी उठून तिथपर्यंत जा. कुशीला हात लावा. घुरघुर लागते का, ते बघा.